सवयीचं माणूस

१

तुम्ही जिना चढायला लागता तेव्हा पहिला पाय कुठला टाकता, डावा की उजवा? आठवून सांगू नका, आठवून चुकीचं उत्तर येतं. उठून एखाद्या जिन्यापाशी जा आणि चढा, मगच कळेल. मलाही ठाऊक नव्हतं. पाय आपोआप पडतो तिथे डोकं कोण लावतं? आमच्या पोटमाळ्याच्या जिन्याने मला ते विचारलं, आणि माझं उत्तर उजवा असं निघालं.

आमचं घर म्हणजे इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मधली अरुंद बोळकांडी. एका खोलीत मुलगा आणि सून, दुसरीत मी आणि माझं पायमशीन. मी लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. पँटची उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. नवे कपडे मी शिवत नाही. दुसऱ्याने शिवलेलं अंगाला बसेल असं करून देणं, एवढंच माझं काम. मालक गेल्यानंतर घर त्यावरच चाललं, मुलगा कामाला लागेपर्यंत. तो लिफ्ट दुरुस्त करतो. पुढे जिन्याचं प्रकरण सुरू झालं तेव्हा खालच्या काकू सगळ्यांना सांगत सुटल्या, की बघा, लिफ्टवाल्याच्या घरी जिन्यासाठी रडारड.

सुनेला दिवस गेले तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला, मला जरा जास्तच. मग एकदा जेवताना मुलगा म्हणाला की बाळाला खोली लागेल. मी म्हटलं, लागेलच की. तो म्हणाला, खोल्या दोनच आहेत. मग भात कालवत राहिला. मी वर जाते, असं मीच म्हटलं. म्हणजे त्याने म्हणायच्या आत म्हटलं.

वर म्हणजे पोटमाळ्यावर. बोळकांडीच्या डोक्यावर उतरत्या छपराखाली एक जागा होती. मधोमध ताठ उभं राहता येईल एवढी उंची, कडेला एक खिडकी, आणि आमच्या दोन पिढ्यांची अडगळ. मुलाने अडगळ काढली, भिंतींना रंग दिला, जमीन केली. खोली छान झाली. पण तिथे राहायचं तर जिना हवा, आणि जिन्याला बांधकाम खात्याची परवानगी हवी. परवानगी नसेल तर ती खोलीच नाही, नुसता माळा, आणि माळ्यावर माणूस ठेवता येत नाही. तसं झालं तर काय, हे मुलाने मला एकदाच सांगितलं, तेही लाइटचं बटण बंद करता करता: मामा आहेच की.

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याच्या गावाला जायला दिवस मोडतो. त्याच्या व्हरांड्यात एक पलंग आहे, त्यावर भावजय जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवते. मी तो पलंग डोळ्यांसमोर आणला, आणि ठरवलं की जिन्याला परवानगी मिळालीच पाहिजे. मला माझ्या घरात राहायचं होतं. नातवंड मांडीवर घ्यायचं होतं. याहून जास्त काही मागितलं असेल तर सांगा.

२

साधा जिना बसत नव्हता. बसवला तर न्हाणीघराचं दार अर्धंच उघडायचं. फिरता जिनाही बसत नव्हता. शिडीला तर परवानगीच नाही. शेवटी सुताराने एक युक्ती सांगितली. जिना शिडीसारखा उभा करायचा, पण प्रत्येक पायरी अर्धी कापायची. पहिल्या पायरीचा उजवा भाग कापून टाकायचा, दुसरीचा डावा, तिसरीचा पुन्हा उजवा. म्हणजे प्रत्येक पायरीवर एकाच पायाला जागा. दुसरा पाय त्या कापलेल्या जागेतून निघून थेट वरच्या पायरीवर जातो. जागा निम्मी लागते आणि पाय मात्र पुरा टेकतो.

खात्याचे साहेब मुलाला म्हणाले की नियमात असा जिना बसतो, पण दोन अटी आहेत. वर एकच खोली हवी. आणि असा जिना नवख्या माणसाला पाडतो, म्हणून तो रोज वापरणारं, सवयीचं माणूस हवं. परवानगी त्या एका माणसापुरती. मुलगा लगेच म्हणाला, आईच राहणार आहे, दुसरं कोण.

जिना उभा राहिला तेव्हा मला तो आवडला. ताज्या लाकडाचा वास सगळ्या घरभर पसरला होता. बाहीचा मुंढा कापतात तशी प्रत्येक पायरी एका बाजूने गोल कापलेली होती, एक डावीकडे, एक उजवीकडे, वरपर्यंत. दोन्ही हातांना कठडा. सुताराने स्वतः चढून दाखवलं, हात न लावता.

"ताई, डावा पाय आधी," तो म्हणाला. "बाकी काही विसरा. एकदा डावा बरोबर पडला की पुढचं जिना बघून घेतो."

मुलगा भराभरा वर गेला आणि खाली आला. सून पोट सांभाळून दोनच पायऱ्या चढली आणि हसत उतरली. मग माझी पाळी. मी कठडे धरले, मनात डावा म्हटलं, आणि उजवा टाकला. उजवा पाय डाव्या जागेत. आता डावा कुठे टाकायचा? एकात एक अडकून पायांची कात्री झाली आणि मी तशीच लटकून राहिले. सुताराने मागून धरलं. मुलगा इतका हसला की त्याला बोळकांडीत खाली बसावं लागलं. मीही हसले. पहिल्या दिवशी सगळेच हसतात.

३

सराव मी दुपारी करायचे, घरात कोणी नसताना. डावा आधी, डावा आधी, असं म्हणत जिन्यापाशी जायचे आणि उजवा टाकायचे. माझा पाय ऐकतच नव्हता. मशीनवर दोन्ही पाय एकदम चालतात, त्यांना पहिला-दुसरा ठाऊक नाही, हे कारण मी स्वतःला दिलं. कधी जमलंच तर सगळं लक्ष पायांकडे लावून, एकेका पायरीवर थांबत मी वर पोचायचे. उतरताना पाठमोरी उतरायचे, पोट जिन्याला लावून.

त्या जिन्याचा आवाज मला लवकरच पाठ झाला. डाव्या पायऱ्या भिंतीच्या बाजूला होत्या, त्यांचा आवाज जाड यायचा. उजव्या पायऱ्या मोकळ्या बाजूला, त्यांचा टणक, आणि शेवटी बारीकशी कुरकुर. मुलगा चढला की जाड, टणक, जाड, टणक असं ऐकू यायचं. डाव्याने सुरू होतं म्हणून जाड आधी.

एका दुपारी मी खोलीत मशीनवर होते. कोणाची तरी पँट होती, गुडघ्याला फाटलेली. टीप संपली, मी पाय थांबवला, आणि बोळकांडीतून आवाज आला. टणक, जाड, टणक, जाड. सावकाश नाही, घाईतही नाही. रोज वर जाणारं माणूस काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा जातं ना, तसं.

आधी मला वाटलं, मुलगा लवकर आला. मी हाक मारली. मग लक्षात आलं की दार तर मी आतून लावलंय. उठून बोळकांडीत गेले. जिना होता तसा होता. माळ्याच्या तोंडावरचं लाकडी झाकण बंद.

नवं लाकूड वाळताना बोलतं, हे मला ठाऊक होतं. सुताराला फोन केला, त्यानेही तेच सांगितलं. ताई, लाकूड अंग चोरतं, महिनाभर कुरकुरणार. मी निश्चिंत झाले. पण काम करताना एक गोष्ट टोचत राहिली, कापडात विसरलेली टाचणी टोचते तशी. तो आवाज टणक पायरीने सुरू झाला होता. पहिल्या पायरीला उजवा भाग नाहीच. तो कापलेला आहे. मग पहिला टणक आवाज आला कुठून?

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, नंतरही येत राहिला. मी ऐकत बसायचे. हळूहळू मला आणखी एक कळलं. आवाज वर जाण्याचाच असायचा. उतरण्याचा कधीच नाही.

४

साहेब पहिल्यांदा आले तेव्हा जिना पूर्ण झालेला नव्हता. पायऱ्यांमधल्या फटी नियमापेक्षा मोठ्या होत्या, तिथे आडव्या पट्ट्या मारायच्या होत्या. सुतार पुढच्या आठवड्यात येणार होता आणि साहेब आजच दारात उभे. मुलाचा चेहरा उतरला. त्याने त्यांना चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, पण साहेब काही गप्पिष्ट नव्हते. पिशवीतून त्यांनी एक लाकडी चेंडू काढला. फटीतून हा चेंडू आरपार गेला तर तिथून लहान मुलाचं डोकं जाऊ शकतं, म्हणून जिना नापास. सून पोटावर हात ठेवून उभी होती.

साहेबांनी खालून सुरुवात केली. पहिल्या पायरीची कापलेली बाजू. मला दिसत होतं, तुम्हालाही दिसलं असतं, की चेंडू त्या जागेतून सहज जाईल, वर बोटभर जागा उरेल. त्यांनी तो आत सरकवला. चेंडू थांबला. त्यांनी जरा दाबला. नाही गेला. हात काढून घेतला तेव्हा चेंडू तिथेच राहिला, कापलेल्या जागेत, खाली काही नसताना, एखाद्या फळीवर ठेवावा तसा.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि चेंडू उचलून पुढच्या पायरीला गेले.

एकेक करत ते वरपर्यंत गेले. चेंडू कुठूनच गेला नाही. मी मुलाकडे पाहिलं. तोही तेच बघत होता जे मी बघत होते. क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली, पडली आणि गेली. मग तो साहेबांना म्हणाला, आमचा सुतार जुना माणूस आहे, काम चोख करतो.

साहेब पिशवी बांधत होते. वर कोण राहणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. म्हणाले, चढून दाखवा. मी उजवा टाकला. मग सावरून डावा. अर्ध्यावर गेले, घाबरले, पाठमोरी उतरले.

साहेब चिडले नाहीत. पाठमोरं उतरलं की ती शिडी होते आणि शिडीला मी सही देत नाही, एवढंच म्हणाले. पुढच्या खेपेला ते समोर उभे राहणार नव्हते. कोणी बघत असलं की माणूस पाय सांभाळून टाकतो. ते आत पाठ करून बसणार आणि नुसता आवाज ऐकणार.

"सवय करा, काकू," दारातून वळून ते म्हणाले. "जिना पास आहे. राहिलात तुम्ही."

५

त्यानंतर मुलाने मला शिकवायचं मनावर घेतलं. संध्याकाळी कामावरून आला की बूट न काढता बोळकांडीत उभा. चढ. चुकलं, खाली ये. चढ. त्याने माझ्या डाव्या घोट्याला लाल फडकं बांधलं, कळावं म्हणून. त्याच्या सासरची माणसं जेवायला आली तेव्हाही ते घोट्याला होतं. जेवणानंतर तो त्यांना म्हणाला, आमच्याकडे एक गंमत आहे, बघा. मी नको म्हटलं. तो म्हणाला, अगं, लोकांसमोर सवय झाली की साहेबांसमोर भीती नाही वाटणार. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. मी चढले. विहीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"एवढी वर्षं मशीनवर पाय मारलेस," मुलगा म्हणाला, "त्यातला डावा कुठला ते तेवढं नाही कळलं."

सगळे हसले. मी जिन्याच्या मधोमध होते, मला मागे वळून बघता येत नव्हतं.

सून तशी गुणाची. पाहुणे गेल्यावर तिने माझ्या घोट्याचं फडकं सोडलं, कारण मला वाकवत नव्हतं. सोडता सोडता ती हळूच बोलली. ती एव्हाना रजेवर होती, दुपारी आपल्या खोलीत पडून असायची.

"आई, एक विचारू? दुपारी तुम्ही किती छान चढता. न थांबता, न धरता. मी रोज ऐकते. मग हे आले की मुद्दाम का अडखळता?"

मी म्हटलं, ती मी नाही.

तिने मुलाकडे पाहिलं. मुलाने दिव्याकडे. मग कोण, असं त्याने विचारलं. मी लाकूड अंग चोरतं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, लाकूड चोरतं का तू चोरतेस? वर जायचं नाही तर सरळ सांग, ही नाटकं कशाला.

त्या रात्री तो सुनेशी बोलत होता ते मला भिंतीतून ऐकू आलं. चिडलेला नव्हता. हिशेबी आवाजात सांगत होता की आईला जमतं, फक्त आपल्याला त्रास द्यायचाय. मला त्याचा राग आला नाही. त्यांनी ऐकलेलं खोटं नव्हतं. कोणीतरी रोज छान चढत होतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी सून डॉक्टरकडे गेली. मी जिन्यापुढे बसले. जमिनीवर, मांडी घालून, एखादा बिघडलेला कपडा समोर घेऊन बसते तशी. कापड कुठे ओढलं जातंय ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. म्हणून मी हात पुढे केला आणि पहिल्या पायरीच्या कापलेल्या जागेत घातला.

तिथे पायरी होती.

दिसत नव्हती. हाताखाली होती. थंड नव्हती, आणि आमच्या लाकडासारखी खरखरीतही नव्हती. आमच्या पायऱ्यांना अजून रंध्याचे ओरखडे होते. ही गुळगुळीत होती, मधोमध खोलगट, पिढ्यानपिढ्या वापरलेल्या जिन्याच्या पायऱ्या असतात तशी झिजलेली. माझं बोट त्या खोलगट जागेतून फिरलं आणि मला कळलं की खळगा उजव्या पावलाचा आहे. पुढच्या पायरीवर हात नेला. तिथे डाव्याचा. उजवा आधी, मग डावा. मी जशी चढले असते, मला कोणी काही शिकवलं नसतं तर, अगदी तशी.

कोणाला सांगू, असा विचार मी करत होते. सुताराला सांगावं, की मुलाला हात धरून आणावं आणि त्याचं बोट त्या जागेवर टेकवावं. म्हणजे तो म्हणेल, आई, चुकलो. हात अजून तिथेच होता. तेवढ्यात माझ्या बोटांवर वजन आलं.

आधी टाचेचं, मग चवड्याचं. अनवाणी पाय. घाई नाही. माझी बोटं खाली आहेत हे त्याला कळलं, कारण तो थांबला. उचलला नाही. थांबला, आणि मग आणखी जोर दिला, कपडा नीट बसावा म्हणून इस्त्री दाबतात तसा. बोटं मोडतात तो आवाज मी ऐकला. मग पाय उचलला गेला आणि वरच्या पायऱ्या वाजल्या. जाड, टणक, जाड. झाकण बंदच होतं.

दोन बोटं मोडली होती. मुलगा म्हणाला, पडलीस ना? सांगतोय कधीपासून, डावा आधी. डॉक्टरांनी फळी बांधली आणि महिनाभर शिवण बंद म्हणून सांगितलं. मशीन मग तसं उगाच जागा अडवत होतं. मुलाने ते देऊन टाकलं.

७

साहेब आले ते भर दुपारी. मुलाने कामावर सुट्टी घेतली होती. साहेब स्वयंपाकघरात बसले, बोळकांडीकडे पाठ करून, हातात चहाचा कप. सून त्यांच्या समोर. त्यांनी खरंच डोळे मिटले.

"चला, काकू. तुमच्या चालीने."

मुलगा बोळकांडीच्या दारात उभा राहिला, तिथून त्याला जिना पुरा दिसत होता. मी जिन्याखाली उभी होते. फळी बांधलेला हात छातीशी, दुसरा कठड्यावर. मनात डावा म्हटलं. व्हरांड्यातला पलंग आठवला, त्यावरची वर्तमानपत्रं आठवली. मी डावा पाय उचलला. खरं सांगते, त्या दिवशी मी डावाच उचलला होता.

तो टेकायच्या आत माझ्या अंगावरून काहीतरी गेलं. बाजूने नाही. अरुंद दारातून माणूस माणसाला घासून जातं तसं, पण आतून. टणक, आणि लगेच जाड.

माझा पाय हवेतच राहिला. वर बघायचं नाही असं मी ठरवलं, पण मान वर झाली. पायऱ्यांच्या कापलेल्या जागांमधून मला एक टाच दिसली. माझी टाच मी ओळखते, हिवाळ्यात तिला तेल लावते, भेगा कुठे आहेत ते ठाऊक आहे. ही तीच टाच होती, पण भेगा नसलेली. तिच्यावर माझ्या घरातल्या गाऊनची कड हलत होती, आणि त्या कडेला माझे टाके होते. दोन बोटं मोडायच्या आधी मी घालायचे तसे, बारीक आणि एका ओळीत. ती टाच वर गेली. मग दुसरी. कुठे थांबणं नाही, कठड्याला हात नाही.

मी मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो ओरडेल, धावत येईल, मला धरेल. तो आधी माझ्याकडे बघत होता, खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे. मग त्याने मान वर केली आणि जिन्याकडे पाहिलं, सावकाश, एकेक पायरी करत, जे चढत होतं त्याच्याबरोबर. झाकण उघडल्याचा आवाज आला. त्याची नजर पुन्हा माझ्यावर आली. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"वा," आतून साहेब म्हणाले. "याला म्हणतात सवय. उतरायची गरज नाही, काकू. आराम करा वर."

"झाली बघा आईला सवय," मुलगा म्हणाला. माझ्याकडे बघतच म्हणाला.

साहेब निघेपर्यंत त्याने मला न्हाणीघरात उभं केलं आणि दार ओढून घेतलं. मी आतून साहेबांचे जोडे ऐकले, त्यांचं अभिनंदन ऐकलं. परवानगी झाली होती.

८

संध्याकाळी सुनेने जेवण वाढलं. तिने तीन पानं घेतली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. पाहिलं, आणि डोळे पुसले, आणि बोळकांडीत जाऊन वर हाक मारली, आई, जेवायला येताय ना?

"आले," असं वरून उत्तर आलं.

आवाज मी सांगत नाही. तो तुम्ही आता ऐकताय.

मुलगा मला माझ्या खोलीत घेऊन आला. पाळणा आलेला होता, मशीनच्या जागी ठेवलेला. त्याने मला पलंगावर बसवलं, स्वतः पुढ्यात उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि माझा धडका हात हातात घेतला. मी त्याला सांगितलं की वर आहे ती मी नाही. तो म्हणाला, ठाऊक आहे मला. मी विचारलं, मग? तो म्हणाला, ती पडत नाही, आई. भांडत नाही. तिला शिकवावं लागत नाही. बाळाला घेऊन चढायचं झालं तर ती न धरता चढेल. तूच सांग, बाळ कोणाच्या हातात द्यायचं?

मी म्हटलं, मी इथेच खाली राहीन, स्वयंपाकघरात अंथरूण टाकीन, कोणाच्या पायात येणार नाही.

"कशी राहशील?" तो म्हणाला. खरंच वाईट वाटत होतं त्याला, आवाज ओला होता. "साहेब पुन्हा बघायला आले आणि दोघी दिसल्या तर? परवानगी एकीचीच आहे."

त्याने माझी पिशवी भरलीच होती. मामाला फोन झाला होता. तो उठला, मला नीट झोप म्हणाला आणि जाताना दिवा मालवून गेला. बोळकांडीत जिना वाजला. या वेळी कोणीतरी उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने मला स्टँडवर नेऊन भावाच्या गावच्या गाडीत बसवून दिलं, आणि गाडी सुटायची वाट न बघता तो निघाला, कारण घरी आई चहाला थांबली असेल असं म्हणाला.